शंभर धरलेलं रक्त

कीटकनाशकाच्या कारखान्यातली ती प्रयोगशाळावाली बाई हाताची भारी चोख. दर महिन्याला कामगारांचं रक्त घ्यायचं आणि त्यातलं एक एन्झाइम मोजायचं, हे तिचं काम. आखडलेल्या स्नायूला ‘पुरे, सोड आता’ असं सांगायला लावणारं एन्झाइम ते. कीटक मारायच्या औषधाचा इवलासा रेणू त्याला जाऊन चिकटला, की सोड म्हणणारं कोणी उरत नाही. आधी घाम, लाळ, थरथर, डोळ्यांच्या बाहुल्या आकसून अंधुक दिसणं, आणि फारच झालं तर श्वासही अडकतो.

तुलनेला निरोगी रक्ताची बाटली लागते. ती संपून चार महिने झाले, पण स्टोअरवाल्याचं ‘उद्या देतो’ काही संपेना. मग तिने जुन्या साहेबांची युक्ती काढली. आपलंच रक्त लावायचं आणि त्याला शंभर धरायचं. ती कुठे औषधाला हात लावत होती!

धाकटा भाऊ तिच्याकडेच राहायचा, कारखान्यात पॅकिंगला होता. त्याचे कामाचे कपडे ती रोज झटकून हाताने धुवायची. हल्ली जेवताना त्याची पापणी फडफडायची, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ यायची. ती त्याला डॉक्टरकडे चल म्हणायची. पण रिपोर्ट म्हणायचा, अठ्ठ्याण्णव.

“ताई, मशीनपेक्षा तुला जास्त कळतं का गं?” तो चिडवायचा.

आज सकाळी तिने त्याला टाकी धुण्याच्या कामासाठी ‘फिट’ लिहून सही ठोकली होती.

बाराच्या सुमारास स्टोअरवाला एकदाचा बाटली घेऊन उगवला. लावली, तर तिच्या शंभरापुढे दोनशे चाळीस!

“सडकी बाटली दिलीत,” ती करवादली.

“मग माझं बोट टोचा, होऊन जाऊ दे खात्री.” हा गडी पलीकडच्या इमारतीत बसणारा, औषधाच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा. त्याचंही आलं दोनशे अडतीस.

“मी पैलवान झालो की काय?” तो हसला.

पैलवान कोणीच नव्हतं. भावाचे कपडे धूत धूत तिचंच एन्झाइम खाली उतरलं होतं, त्याच्या पावलावर पाऊल टाकत, म्हणून दोघं बरोबरीची दिसत होती. आणि तो आत्ता टाकीत होता.

तिने सुपरवायझरला फोन लावला.

“अहो ताई, सकाळी तुम्हीच तर सही दिलीत!”

“सही गेली खड्ड्यात! त्याला आधी बाहेर काढा, आणि दवाखान्याची गाडी बोलवा!”

ती धावत पोचली तेव्हा त्याला ओट्यावर बसवलं होतं. जिवंत होता. देवा रे, जिवंत होता. मास्क काढून तो ओशाळं हसत होता.

“सगळ्यांदेखत लाज काढलीस,” तो म्हणाला. मग डोळे किलकिले करून त्याने वर पाहिलं. त्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. “ताई, संध्याकाळ झाली पण?”

सुपरवायझरने घड्याळ बघितलं आणि तो चमकून दोघांकडे बघू लागला. डोक्यावर रणरणतं ऊन होतं. ती भावाला ‘अरे वेड्या’ म्हणायला गेली आणि तिला आठवलं, धावत येताना तिलाही वाटलं होतं, आज अंधारून आलंय.