आपल्याच मातीतली

तिने पाटी खेचून काढली, तेव्हा फळीचा थोडा रंगही तिच्याबरोबर निघून आला. 'आपल्याच मातीतली.' हिरवी, ठसठशीत अक्षरं. काल ती घरी निघाली तेव्हा या सफरचंदांवर 'सीमेपलीकडून' अशी पाटी होती, तिच्याच हातची. रातोरात फळांनी देश बदलला होता. खालच्या बादलीत सोलून काढलेले, पलीकडच्या देशाचं नाव छापलेले बारके स्टिकर एकमेकांना चिकटून पडले होते.

"लाव ती परत," मागून मालक म्हणाला.

"खोटं आहे हे."

"खरं लिहून पाहिलं की! दोन देशांत बिनसल्यापासून कुणी हात लावत नाही, ढीग सडतोय. आणि तुला गं कसला त्रास? तुझ्या माहेरचाच माल आहे."

लग्न होऊन ती सीमेपलीकडून इथे आली, त्याला बरीच वर्षं लोटली होती. या दुकानातली फळं-भाजी तीच सांभाळायची. पण दुकानात, गल्लीत, घरातसुद्धा ती 'पलीकडची'च राहिली. हल्ली तर गिऱ्हाइकं पिशवी तिच्या हातून न घेता काट्यावरून उचलून नेत.

"तुमच्या हातांनी लावा," ती म्हणाली आणि कांदे निवडायला वळली.

मालकाने लावली.

दुपारी सासूबाई आल्या. एरवी त्या सुनेकडून काही घेत नसत. आज दुसरा काटा बंद होता.

"कुठली ही?" त्यांनी सफरचंदांकडे बोट केलं.

मालक जवळच उभा होता. ती खालच्या आवाजात म्हणाली, "घेऊ नका, आई."

"का? मी खाल्ली तर तुझ्या पोटात दुखतं?"

"पाटी मी लिहिलेली नाही, एवढंच सांगते."

"आपलीच आहेत हो आजी, घ्या निर्धास्त!" मालक पुढे सरसावला.

तू नको म्हणतेस म्हणजे चांगलीच असणार, असं पुटपुटत सासूबाईंनी मुद्दाम मोठमोठी निवडून घेतली.

संध्याकाळी जेवताना त्यांचा अंगठा एका फळाच्या देठापाशी थबकला. एक स्टिकर सोलायचा राहून गेला होता. त्यांनी तो नखाने उचकटला आणि सुनेच्या ताटाच्या कडेला चिकटवला.

"तुझ्यादेखत मला हे खायला घातलं. मोठ्याने सांगायला काय झालं होतं?"

"मोठ्याने सांगितलं असतं, तर ऐकलं असतंत?"

नवऱ्याने मान वर केली नाही. सासूबाई उठल्या आणि खोलीचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात सरकारी तपासनीस आला. त्याच्यामागे सासूबाई. तिच्या हातातला कांदा तसाच राहिला. म्हणजे घरची तक्रार वेशीवर आली होती तर.

मालकाने क्षणभरही वेळ दवडला नाही.

"हिचंच काम, साहेब. स्वतःच्या देशाचा माल खपावा म्हणून पाटी बदलली. मी विश्वास टाकला आणि हिने असा गळा कापला."

"तरीच!" गिऱ्हाइकांतून कुणी म्हणालं. "आधी हाकला तिला."

"पाटी कुणी लावली?" तपासनिसाने तिला विचारलं.

"मालकांनी."

"कुणी पाहिलं?"

माणसं जवळ सरकली. तेवढ्यात सासूबाई त्यांना कोपराने बाजूला सारत पुढे आल्या.

"ही माझी सून. मला ही डोळ्यांसमोर नको असते, गल्लीत कुणालाही विचारा. भाजी खारट झाली, तर पाहुण्यांसमोर खारट म्हणते. तोंडदेखलं कौतुक हिला जन्मात जमलं नाही. खोटी पाटी लावण्याएवढा गोडवा हिच्यात असता, तर आमचं इतकं वाकडं झालं असतं का?" त्यांनी श्वास घेतला. "काल मला घेऊ नका म्हणाली. मीच हट्टाने घेतली. 'निर्धास्त घ्या' म्हणाला, तो हा."

तपासनीस वाकला आणि त्याने फळीखालची बादली पुढे ओढली.

पंचनामा चालू असताना मालक तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "उद्यापासून तोंड दाखवू नकोस."

तिने एप्रन काढून काट्यावर ठेवला.

बाहेर सासूबाई बऱ्याच पुढे निघून गेल्या होत्या. तिने त्यांना गाठलं.

"आई..."

"आभार मानू नकोस. तसं काही घडलेलं नाही." सासूबाई न थांबता चालत राहिल्या. "चौकातल्या दुकानात बाई हवी आहे म्हणे."

"तिथे मला कोण ठेवून घेणार? पहिलाच प्रश्न विचारतील, कुठली आहेस."

सासूबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"विचारू देत. खरं सांग. दुसरं येतंय काय तुला?"

आणि घराकडे वळायचं सोडून त्या चौकाच्या रस्त्याला लागल्या.