पोटरीवर दोन चापट्या

नॉर्वे कुठे आहे ते शरीफला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची हौसही नव्हती. एकोणीस वर्षं तो ओमानातल्या सूर गावच्या फुटबॉल क्लबात खेळाडूंचे पाय चोळत होता. सुदानी आले, सेनेगलचे आले, ब्राझिलचे आले. पाय सगळ्यांचे सारखेच, दुखले की शरीफकडे यायचे. रत्नागिरीजवळच्या साखरतरचा हा माणूस ओमानात आला होता मच्छीमार बोटीवर खलाशी म्हणून. हाताला गुण आहे म्हणून क्लबवाल्यांनी त्याला बोटीवरून उचलून आणला. डिग्री नाही, सर्टिफिकेट नाही. एक टेबल, एक बाटली आणि बाटलीत गावाहून आणलेलं, उंडीच्या बियांचं उग्र वासाचं तेल. नवा खेळाडू आला की पहिल्या दिवशी नाक धरायचा आणि आठवड्याभरात 'शरीफ, ऑइल, ऑइल' करत मागे लागायचा.

मॅचच्या दिवशी पाय चोळून झाला की शरीफ पोटरीवर दोन चापट्या मारायचा. मारल्या तर ऊठ आणि खेळ. नाही मारल्या तर मुकाट बाकावर बस. एका सुदानी बॅकने एकदा ऐकलं नव्हतं. विसाव्या मिनिटाला मांडी धरून तो जो खाली बसला, तो त्या वर्षी पुन्हा उभा राहिला नाही. तेव्हापासून कोच बदलले, मालक बदलले, पण चापट्यांवाचून मैदानात उतरायची कुणाची छाती झाली नाही. शरीफला पगार बेताचा होता, पण हा मान होता, आणि त्या मानावर तो एकोणीस वर्षं घरापासून लांब राहिला होता.

लीग प्रोफेशनल झाली त्या वर्षी, २०१३ साली, क्लबाने शेटिल नावाचा नॉर्वेचा स्ट्रायकर आणला. वय चौतीस, सहा फूट तीन इंच, उन्हाने नाक सोललेलं. शरीफने पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'शेट' करून टाकलं, आणि मग सगळा क्लब त्याला शेटच म्हणायला लागला.

शेट टेबलावर पालथा पडायचा आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघांच्या गप्पा चालायच्या. त्याचं गाव पार उत्तरेला, बंदराचं. बाप मासे पकडायचा आणि लाकडी मांडवावर वाळत घालायचा. हे ऐकून शरीफने दुसऱ्या दिवशी सुका बोंबील भाजून आणला, तर पठ्ठ्याने अख्खा खाल्ला आणि बोटं चाटली. आता सांगा, असा माणूस परका कसा वाटेल? सतराव्या वर्षी तो गावच्या टीमकडून खेळला. मग ऑस्लोच्या क्लबने नेलं, तिथे एका मोसमात एकोणीस गोल. मग हॉलंड, तिथे गुडघा गेला. मग बेल्जियम, सायप्रस, दर ठिकाणी बाक थोडा जास्त आणि मैदान थोडं कमी. देशाकडून तीनच मॅच, गोल एकही नाही. ते सांगताना तो तोंड टेबलात खुपसायचा. आता एकच इच्छा उरली होती. गावच्या क्लबाने पत्र पाठवलं होतं: जूनमध्ये धडधाकट पायांनी ये, शेवटचा मोसम इथे खेळ. बाप अठ्ठ्याहत्तरचा, अजून मैदानात जाऊन बसायचा. त्याच्यासमोर बूट उतरवायचे, बस्स.

"तुझे हात मला जूनपर्यंत नेतील," असं तो म्हणाला, त्या दिवशी शरीफने गावी फोन करून बायकोला, खैरुन्निसाला, हे वाक्य दोनदा ऐकवलं.

आणि जानेवारीत उल्हास पेंडसे आला.

पुण्याचा फिजिओथेरपिस्ट. बायको श्यामला आणि मुलगी सावनी मस्कतला, अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये. हा आठवडाभर सूरला राहायचा आणि सुट्टीला घरी पळायचा. त्याच्याबरोबर आतली सूज दाखवणारं एक मशीन आलं, रंगीत रबरी पट्टे आले, लॅपटॉप आला, आणि क्लबाने त्याला एसीची मोठी खोली दिली. शरीफची खोली बुटांच्या कपाटाला लागून होती, ती तशीच राहिली.

पहिल्या आठवड्यात दोन खेळाडू उल्हासकडे गेले. शरीफ म्हणाला, जाऊ देत, नव्याचे नऊ दिवस. दुसऱ्या आठवड्यात पाच गेले. तिसऱ्या आठवड्यात शेट गेला.

तो गेला तेव्हा शरीफ दारातच उभा होता. शेटने हात हलवला, हसला आणि सरळ त्या एसीच्या खोलीत शिरला. आतून मशीनची टिकटिक आणि उल्हासचं हसणं ऐकू येत होतं. शरीफचं काळीज जळून कोळसा झालं. लोक म्हणतात सवत बायकांना असते. अहो, पुरुषालाही असते, आणि तिला दाढी असते, डिग्री असते आणि ती गोड बोलते.

गोड बोलणं हेच तर दुखणं होतं. उल्हास खडूस असता तर शरीफने त्याला दोन शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळा झाला असता. पण तो 'शरीफभाई, चहा घेणार?' म्हणत दारात यायचा. श्यामलाने केलेल्या चकल्यांचा डबा आणायचा. शरीफ चकली खायचा आणि मनात म्हणायचा, कुत्र्याला तुकडा टाकतोय. एकदा उल्हासने तेलाची बाटली हातात घेऊन विचारलं, "यात नक्की काय असतं? मला शिकवाल का?" शरीफ म्हणाला, "नारळाचं तेल हाय, दुसरं काय." खोटंच सांगितलं. मशीनही याला हवं आणि तेलही याला हवं. मग आम्ही काय, खारवलेले मासे मोजत बसायचं?

खैरुन्निसा फोनवर म्हणाली, "त्याने तुमचं काय खाल्लं? कशाला जळताय त्या माणसावर?"

"मी जळत नाय," शरीफ म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

जळत नव्हता म्हणे. शेट गोल करायचा आणि बाकाकडे बोट दाखवायचा, तेव्हा शरीफ डोळे बारीक करून बघायचा की बोट नक्की कुणाकडे आहे. शेट लंगडला की याला आतून गुदगुल्या व्हायच्या, आणि उल्हासने पट्टी बांधून त्याला पुन्हा पळवला की हा तोंड फिरवायचा. स्वतःची लाजही वाटायची, नाही असं नाही. पण लाजेने जळणं थांबतं थोडंच?

मार्च संपता संपता कपची सेमी-फायनल आली. मॅच दुपारी पावणेपाचला. तीनच्या सुमारास शरीफ बूट पुसत बसला होता, तोच दारात सावली पडली. शेट होता, एकटाच. तो सरळ टेबलावर पालथा पडला. दोन महिन्यांनी.

"उजवी टाच," तो म्हणाला. "बघ जरा. खेळू का?"

आत्ता आठवण झाली, शरीफ मनात म्हणाला. उल्हासने पास करून पाठवलाय, आणि हा आलाय नुसता शकुन म्हणून चापट्या घ्यायला. देवळात जाता जाता दारातल्या भिकाऱ्याला नाणं टाकतात तसा. त्याने तेल घेतलं आणि अंगठा टाचेमागच्या शिरेवर टेकवला.

आणि अंगठा थांबला.

टाचेच्या वर चार बोटं, शीर जाड झाली होती. मधोमध सुपारीएवढी गाठ, आणि पाऊल हलवलं की अंगठ्याखाली बारीक करकर, कोरड्या वाळूवर पाय पडावा तशी. शरीफने डोळे मिटून पुन्हा पाहिलं. शंकाच नको. त्या सुदान्याच्या मांडीत त्याला याच्या निम्मंही कळलं नव्हतं. ही शीर आज तुटणार नाही तर उद्या, पण पळवली तर आजच.

त्याला सगळं आठवलं. जून महिना, पत्र, म्हातारा बाप. पण त्याच्याही आधी आठवली ती एसीची खोली. मशीनवाल्याला हे दिसलं नाही. एवढा शिकलेला, एवढा पगार, आणि याला खेळ म्हणून सांगितलं. आता मी बसवला तर काय होईल? शेट पुन्हा उल्हासकडे जाईल, उल्हास मशीन लावून बघेल, 'अरे हो' म्हणेल, आणि इलाजही तोच करील. नाव त्याचं होईल. पण शेट मैदानात लंगडला, तर सगळ्या सूरला कळेल की पास कुणी केला होता. नुसता लंगडेल, शरीफ स्वतःला म्हणाला. अर्ध्या तासात बाहेर येईल. तुटायची नाही. एवढ्यात कुठली तुटते.

"शरीफ?" शेटने मान वळवून विचारलं. "ठीक आहे?"

शरीफने त्याच्या पोटरीवर दोन चापट्या मारल्या.

शेटने सुटकेचा श्वास सोडला, उठून त्याचा हात दाबला आणि गेला. शरीफने हात धुतले. तेल निघेना, तर साबण लावून पुन्हा धुतले.

तेविसाव्या मिनिटाला शेटने गोल केला, डोक्याने, दोघांच्या मधून उडी मारून. स्टँड पेटला. शरीफला वाटलं, बघा, उगाच घाबरलो. हाफ-टाइमला शेट धडधाकट परत आला आणि धडधाकट मैदानात गेला. शरीफने मनोमन अल्लाचे आभार मानले, खोटं कशाला सांगू, अगदी मनापासून मानले.

एकसष्टाव्या मिनिटाला शेट एका लांब पासच्या मागे धावला. जवळपास कुणी नव्हतं. अचानक तो थांबला, कुणी लाथ मारली असं वाटून त्याने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग तो खाली बसला.

उल्हास आणि शरीफ एकदमच पोचले. उल्हासने त्याला पालथा करून पोटरी दाबली. शीर शाबूत असली की पोटरी दाबल्यावर पाऊल हलतं. हे हललं नाही.

"कुणी मारलं मला?" शेट विचारत होता. उल्हासने हात करून स्ट्रेचर मागवलं.

रात्रीच्या नमाजाच्या सुमाराला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये क्लबाचा अर्बाब आला, म्हणजे क्लबाचा मालकच. तो उल्हाससमोर उभा राहिला. "कुणी पास केला याला?"

"मी," उल्हास म्हणाला.

"खलास," अर्बाब म्हणाला. "उद्यापासून येऊ नकोस." आणि तो फोन कानाला लावून निघून गेला.

शरीफ भिंतीला टेकून उभा होता. दोन महिने ज्यासाठी तो जळला, ते त्याच्या डोळ्यांदेखत झालं होतं, आणि छातीत आनंद शोधून सापडेना. उल्हास बाकावर बसला, चष्मा काढून डोळे चोळले.

"मी त्याला खेळू नको सांगितलं होतं, शरीफभाई," तो म्हणाला. "मशीनवर मला थोडी सूज दिसली, पण किती खोल ते कळेना. तो हट्टाला पेटला. मग म्हटलं, शरीफभाईंकडे जा. माझं मत त्यांना सांगू नकोस, नाहीतर त्यांचा हात माझ्या मतामागे जाईल. ते चापट्या मारतील तर खेळ, नाहीतर बस. त्यांच्या अंगठ्याला जे कळतं ते माझ्या मशीनला कळत नाही."

शरीफने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," उल्हास म्हणाला. "तुम्हाला कळलं नाही, म्हणजे ते कळण्यासारखंच नव्हतं."

"मग अर्बाबला सांगितलं का नाय? माझं नाव का नाय घेतलं?"

"तुमची एकोणीस वर्षं झालीत इथे. मला मस्कतला दुसरं काम मिळेल."

शरीफ त्याच्या शेजारी बसला. "साहेब," तो म्हणाला, "मला कळलं होतं."

उल्हासने त्याच्याकडे पाहिलं. आधी त्याला अर्थच लागला नाही. मग लागला, आणि तो हळूहळू बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकला.

नर्स येऊन गेली, ऑपरेशन उद्या मस्कतला होणार म्हणून सांगून गेली.

"मग आत जा," शेवटी उल्हास म्हणाला. "त्याला सांगा. माझ्या नोकरीसाठी नाही, ती गेली. तो आत रडतोय की माझ्याच शरीराने मला दगा दिला, बापाला काय तोंड दाखवू. त्याला निदान खरं कळू दे."

शरीफ उठला. दारापाशी त्याने बिस्मिल्ला म्हटलं आणि आत गेला.

शेट उशीला टेकून बसला होता, उजवा पाय फळीला बांधलेला. शरीफला बघून त्याने दोन्ही हात पुढे केले आणि त्याचे हात घट्ट धरले. "वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला. "तुझ्यावर माझा राग नाही. मी आयुष्यात सहा क्लबांत खेळलो. सगळ्यांना मी गोल करावा असं वाटायचं. मी बरा राहावा असं वाटणारा तू एकटा. तुला जरा जरी कळलं असतं, तर तू मला बसवलं असतंस. हो ना?"

शरीफने तोंड उघडलं. शब्द सगळे तयार होते, दारातून आत येताना त्याने ते इंग्रजीत जुळवूनही ठेवले होते. शेट त्याच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नव्हता.

"हो," शरीफ म्हणाला.

तो बाहेर आला तेव्हा उल्हास बॅग खांद्याला लावून उभा होता. मस्कतची शेवटची बस पकडायची होती.

"सांगितलंत?" त्याने विचारलं.

"हो," शरीफ म्हणाला.

उल्हास जवळ आला आणि त्याने शरीफच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंत," तो म्हणाला. "तुमच्या जागी मी असतो तर माझ्याने झालं नसतं."