बाण कुठं लागला

माइक माझ्या हातात होता आणि शिट्टी गळ्यात, म्हणजे त्या रविवारी उंद्रीत माझ्याहून मोठं कोणी नव्हतं. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला ‘यस सर’ म्हणतानाही माझा आवाज घशात अडकायचा. आणि आता मीच संग्रामपूरच्या पाहुण्यांना सांगत होते की सावली कुठे आहे, पाण्याचे कॅन कुठे आहेत, आणि मठ्ठ्याला कोणी लाजून नाही म्हणायचं नाही.

सीझन संपला की आमचा तिरंदाजीचा क्लब दुसऱ्या एका क्लबला बोलावतो. बक्षीस नसतं, नुसता खेळ आणि जेवण. शेवटी लिंबाचा बाण असतो. टार्गेटच्या मधोमध लिंबू टोचायचं आणि आमच्या गोकुळ सरांनी ते उडवायचं. मग सगळ्यांनी आपापल्या धनुष्याच्या दोऱ्या उतरवायच्या, की झाला सीझन बंद.

जागा भगवानरावांची. त्यांच्या गव्हाच्या वावराला लागून पडीक आहे, तिथे बांधाला टेकून आम्ही सोयाबीनच्या कुटाराने, म्हणजे भुशाने, ठासलेली पोती उभी करतो आणि त्यांवर टार्गेटचे कागद लावतो. जागा देताना ते एवढंच म्हणाले होते, "खेळा बाप्पा. पण ज्या दिवशी बाण मानसाकडे गेला, त्या दिवशी पोते उचला." आज ते प्रमुख पाहुणे होते. सावली फक्त उजव्या कडेच्या कडुनिंबाखाली, म्हणून त्यांची खुर्ची आणि आमच्या आयांची सतरंजी तिथेच. त्या बाजूचं टार्गेट सरांनी मुद्दाम रिकामं ठेवायला लावलं होतं.

आमच्या क्लबची एक पद्धत पाहून पाहुणे आधी हसलेच. बाण सोडला की ज्याचा त्याने ओरडून सांगायचं, रंग कोणता आणि घड्याळात किती वाजले. "लाल, दोन वाजता," म्हणजे लाल पट्ट्यात, वर उजवीकडे. सरांनी याच सीझनला हे सुरू केलं. पहिल्या दिवशी माझा बाण गवतात गेला आणि मी काहीतरी पुटपुटले, तर सर म्हणाले, "अपेक्षा, मले इथं ऐकू आलं पायजे. लाजून राह्यली त बाण काय परत येनार हाय?" मग मी ओरडले. माझा आवाज फुटला तो तिथे.

संग्रामपूरचा प्रज्वल भारी बोलभांड. त्याचा एक बाण पांढऱ्याच्याही बाहेर, थेट पोत्याच्या कोपऱ्यात घुसला. तो छाती काढून ओरडला, "पिवळा, एकदम मधात."

रांगेत हशा पिकला. सर त्याच्या मागेच उभे होते. ते म्हणाले, "शाब्बास. असाच हात ठेवजो."

"तुमचे सर त लय फिरकी घेते बे," प्रज्वल म्हणाला, आणि सगळे आणखी हसले. माझी मैत्रीण सुचिता तर हसता हसता खालीच बसली. मीही हसत होते, तेवढ्यात सरांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. तिथे चेष्टा नव्हती. पोरांनी चांगला मारला की ते जसे खूश होतात, तसे ते खरंच खूश होते.

माझं हसू तोंडातच राहिलं. सीझनभर सर मोबाइलवरचे मेसेज मला वाचायला लावत होते, चष्मा घरी राह्यला म्हणून. बाण काढायला जाताना नेहमी आमच्या मागून चालायचे, आमचा पाय पडेल तिथे पाय ठेवत. आणि ते घड्याळ. आम्हाला वाटलं, शिस्त लावून राह्यले.

जेवणं झाल्यावर सर हात धुवायला ड्रमापाशी गेले, तशी मी मागोमाग गेले.

"सर, प्रज्वलचा बाण पोत्याच्या कोपऱ्यात होता."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "कोनाले सांगितलं?"

"कोनालेच नाही."

"शुगरनं पडदा गेला डोळ्याचा. डावा आधी गेला. आता उजव्यातही नुसता धूर दिसते." ओले हात तसेच धरून ते उभे होते. "पोट्ट्यांच्या मायबापाले कळलं, त उद्या एकही येत नाही. अन् दुसरा शिकवनारा इथं कोन हाय?"

"मंग लिंबू?"

"इतके वर्षं त्याच रेषेवर उभा राहून राह्यलो. हाताले माहीत हाय."

"तुमीच म्हनता ना सर, दिसत नसन त दोरी ओढाची नाही."

"ते तुमच्यासाठी हाय." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "नाही मारला त दीपकच्या ध्यानात येईन. तू शिट्टी सांभाळ, बस."

दीपक सर म्हणजे संग्रामपूरचे कोच. त्यांनाही गोकुळ सरांनीच शिकवलं होतं.

मी ठरवलं, सरांना रेषेपर्यंत आपणच न्यायचं, बोलत बोलत, कोणाला कळणार नाही असं. पण भगवानरावांनी दोन शब्द बोलायला माइक मागितला आणि मला शेजारी उभं करून घेतलं. म्हणाले, ही पोट्टी पहा, कशी धिटाईनं बोलते. टाळ्या वाजल्या. त्यांनी माइक परत दिला आणि मी निंबाखालूनच सांगितलं, "आता लिंबाचा बाण."

वळून पाहिलं तर सर एकटेच रेषेवर पोचले होते. बांबूचं धनुष्य त्यांनी उचललं, दोरी हनुवटीपर्यंत ओढली. बाजूने पाहिलं की बाण लांब दिसतो. मला तो टिकलीएवढा गोल दिसला.

सर माझ्या आवाजाकडे वळून उभे होते.

मी शिट्टी फुंकली, सलग, श्वास संपेपर्यंत. सलग शिट्टी म्हणजे मैदानात माणूस आहे, बाण उतरवा. सरांनी दोरी हळूहळू सैल करत बाण उतरवला. मग त्यांनी मान उंच करून विचारलं, "कोन आलं बे मधात?"

रेषेपासून पोत्यांपर्यंत साधी चिमणीसुद्धा नव्हती. दुपारच्या उन्हात सगळं मैदान लख्ख दिसत होतं, सगळ्यांना.

"सांगा ना. कोन हाय? बाजूले झालं का?"

माझ्याजवळ खुर्ची करकरली. भगवानराव उभे राहिले होते. बाण कोणाकडे होता ते त्यांनीही पाहिलं होतं.

"कोनी नाही, सर," मी म्हणाले. माइक अजून हातातच होता. माझा आवाज पार वावराच्या टोकापर्यंत गेला.

सर बाण कमरेच्या भात्यात ठेवायला गेले, तर टोक भात्याला लागून बाहेरच घसरलं. दीपक सर पुढे झाले. "द्या सर," म्हणून त्यांनी हळूच धनुष्य आणि बाण काढून घेतले. "मारतो मी. लिंबू तसंच ठेवनं बरं नाही."

त्यांनी मारला. सर आमच्याकडे कान करून थांबले. कोणीच घड्याळ सांगितलं नाही. प्रज्वल आपल्या बुटांकडे पाहत होता.

"कुठं लागला?" सरांनी विचारलं.

मी माइक खाली ठेवला आणि ओरडले, "काळा, सात वाजता."

"घाईत सोडला त्यानं," सर म्हणाले.

मग आम्ही दोऱ्या उतरवल्या. दीपक सरांनी धनुष्य परत हातात दिलं, तशी सरांची सगळ्यात आधी उतरली, ते काम बोटांचंच आहे. निंबाखाली आया पोरांच्या बॅगा गोळा करत होत्या. सुचिताच्या आईने तिला दंडाला धरून नेलं, दोरी अर्धी तशीच. भगवानराव सरांशी एक शब्दही वाईट बोलले नाहीत. त्यांनी फक्त गड्याकडे पाहून पोत्यांच्या दिशेने हात केला.

पहिलं पोतं धपकन खाली आलं. सरांनी तिकडे मान वळवली.

"अपेक्षा, कोनतं होतं ते?"

"मधलं, सर."

लिंबू अजून त्यालाच टोचलेलं होतं.