कागदावर शिवलेले गाजरगवत

मित्रांनो, मी एक जुने, वाळलेले गाजरगवत आहे. लातूरच्या एका कॉलेजात, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, जाड कागदावर मला दोऱ्याने टाके घालून बसवले आहे. वर कागद, खाली कागद आणि डांबरगोळ्यांचा वास. माझी मान वाकडी वाळली आहे. ती सरळ करावी असे किती वर्षे वाटते, पण टाका आड येतो.

आमचे मूळ गाव दूर मेक्सिकोकडे. परदेशी धान्यात मिसळून आमचे थोडेसे बी या देशात आले. आम्हाला खाणारे किडे तिकडेच राहिले, आणि इथली गुरे आम्हाला तोंड लावीनात. मग काय, बघता बघता आम्ही माळभर झालो. आम्ही एकाच कुळातली, तरी सारखी नव्हतो. कुणी महिन्यात फुले, कुणी दोन महिने घेई. हा फरक आईबापांकडून बियांतूनच येतो.

बाहत्तरच्या दुष्काळात औशाजवळ रस्त्याचे काम निघाले होते. तिथे पाण्याच्या टँकरमधून थेंब थेंब गळे. त्या ओलीवर मी उगवले.

गुणाबाई तिथे खडी फोडायला येत असे. बसायला जागा करावी म्हणून ती आम्हाला हातांनी उपटून बाजूला टाकी. महिन्याभरात तिचे हात, मान, पापण्या लाल झाल्या. कातडी जाड होऊन फुटली. बायका कुजबुजल्या, "महारोग हाय." तिचा पाण्याचा तांब्या वेगळा झाला. मुकादम व्यंकटी म्हणाला, "गुणाबाई, उद्यापासून येऊ नको. बाया लई भिऊन राहिल्यात."

"महारोग न्हाई हो! हे गवत उपटलं की आग होती. चार दिस घरी बसलं की कमी येतंय."

तिचे कुणी ऐकले नाही. चाऱ्याअभावी गुरे विकलेला एक गोठा रस्त्याकडेला होता. गावाने तिला तिथे ठेवले. भाकरी उंबऱ्याबाहेर ठेवून लोक निघून जात. माझ्या जागेवरून मला ती दिसे. तिला उंबरा ओलांडता येत नव्हता आणि मला माती सोडता येत नव्हती. तिची आग माझ्याच पानांनी लावली होती, आणि ते सांगायला मला तोंड नव्हते.

एके दिवशी कॉलेजचे सिद्धेश्वर सर झाडपाला गोळा करत आले. गुणाबाईने दारातूनच हाक मारली, "मास्तर, ते पांढऱ्या फुलाचं न्या. त्यानंच मला असं केलंय."

सर थांबले. त्यांनी तिचे सगळे ऐकून घेतले. मग तिच्या एका दंडावर माझे पान बांधले आणि दुसऱ्या दंडावर तरवडाच्या झुडपाचे. दोन दिवसांनी सर्वांसमोर पट्ट्या सोडल्या. तरवडाखाली काही नव्हते. माझ्या पानाखाली मात्र पानाएवढाच लाल चट्टा उठला होता. सरांनी तिचा तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायले. व्यंकटीची मान खाली गेली.

"ये उद्यापासून," तो म्हणाला. "गवत दुसरी कुणी उपटंल."

"दुसरी का? तिला बी व्हईल की! हाताला फडकं बांधा अन् कुदळीनं काढा," गुणाबाई म्हणाली, आणि उंबरा ओलांडून बाहेर आली.

पुरावा म्हणून सरांनी मला मुळासकट उपटले, दाबून वाळवले आणि कागदावर शिवले. माझ्या वीस बिया एका पाकिटात घातल्या. कागदाखाली लिहिले : 'औसा, जिल्हा उस्मानाबाद.' दहा वर्षांनी लातूर वेगळा जिल्हा झाला. शिपाई नाव बदलायला निघाला, तेव्हा सर म्हणाले, "उपटलं तेव्हाचं नाव राहू द्या." जिल्हा बदलला. मी मात्र त्याच कागदावर होते.

पुढे शहाऐंशीत पुन्हा पावसाने दगा दिला. सरांची विद्यार्थिनी पंचशीला हिने कपाट उघडले आणि रोपांशी ताडून पाहायला मला गच्चीवर नेले. चौदा वर्षांनी माझ्यावर ऊन पडले! तिने माझ्या वीसही बिया तिथल्या कुंड्यांत पेरल्या. इतक्या वर्षांत गवतात काही फरक पडला का ते पाहायला शेजारी औशाच्या रस्त्यावरचे ताजे बी पेरले. माती तीच, पाणीही तेवढेच कमी. माझी दोनच रोपे उगवली.

रस्त्यावरची रोपे पंचविसाव्या दिवशी फुलली. माझी चाळीस दिवस झाले तरी कळीतच होती.

"म्हणजे गवत दुष्काळात शिकलं म्हणायचं?" सरांनी विचारले.

"शिकलं न्हाई, सर. उशिरा फुलणारी बी धरायच्या आधीच वाळून गेली. लवकर फुलणाऱ्यांचंच बी मागं राहिलं. पण दोनच रोपं हायत, ठाम सांगता यायचं न्हाई."

"मग ही दोन ठेव बियाण्यापुरती."

"एका झाडाला हजारो बी येतंय, सर. वारं कुठं कुठं नेईल?"

तिने हाताला फडके बांधले. कळीतली, फुललेली, सगळी रोपे उपटून पत्र्याच्या डब्यात जाळली. चौदा वर्षांनी जन्मलेली माझी दोन लेकरे माझ्या डोळ्यांदेखत राख झाली. मला हाक मारता आली नाही. आली असती, तरी मी तिला थांबवले नसते.

मित्रांनो, पावसाळ्यात वाटेच्या कडेला आमची कोवळी हिरवी पाने दिसली तर घरच्या मोठ्यांना सांगा. हात झाकून, मुळासकट काढायला सांगा. पांढऱ्या फुलाची वाट पाहू नका. मला वाईट वाटेल. तरीही सांगा.