धांदलचं भांडं

“याने परत पाणी सांडलं!” मुलगी आतून ओरडली, तसा बॅटरीवाल्या बापाने हातातला पेपर खाली घेतला.

मुलीने ससा पाळल्यापासून हे रोजचंच झालं होतं. नाव धांदल, आणि नावाला जागणारा. प्लास्टिकची वाटी तो नाकाने ढकलत घरभर फिरवायचा, स्टीलची उलटी करून तिच्यावर ऐटीत पाय ठेवायचा. पिंजऱ्याला अडकवायची नळीची बाटली आणली, तर तिच्याकडे ढुंकून बघेना.

“दुकानात चिनी मातीचं जड भांडं मिळतं,” मुलगी आईला म्हणाली. “पसरट, बुटकं. तेच घेऊन येते.”

बापाशी तिने बोलणं टाकलं होतं. तिच्या मैत्रिणी जेवायला आल्या असताना कुणाच्या तरी हसण्यावरून याचं डोकं फिरलं आणि त्याने समोरचं ताट भिरकावलं होतं. पूर्वी तो असा नव्हता. अलीकडे डोक्यात राख घालून घ्यायला त्याला कारण लागत नसे, आणि नंतर त्याची त्यालाच लाज वाटे.

“विकत कशाला?” तो घाईघाईने म्हणाला. “मी करून आणतो. हत्तीकडूनही हलायचं नाही असं!”

मुलगी हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. तेवढ्यावरच बाप हरखला.

जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याने कढईत शिसं वितळवलं, वरची मळी काढली, साच्यात ओतलं आणि सशाच्या ओठाला टोचू नये म्हणून काठ कानशीने घासून गुळगुळीत केला. हात थरथरत होते, पोटात नेहमीचा मुरडा होता. पहिलं भांडं तिरकं झालं, म्हणून त्याने ते मोडून पुन्हा ओतलं.

भांडं काही जागचं हललं नाही. धांदलने नाक लावून पाहिलं, पाय लावून पाहिले, शेवटी चिडून काठाला दात लावले. मऊ शिशावर दातांच्या खुणा उमटल्या.

“बघ, चावतोय लबाड! आवडलं त्याला.”

“आवडलं हो, बाबा,” मुलगी हसत म्हणाली.

त्या दिवशी चहा तिनेच आणून दिला. बापाच्या हातून सांडू नये म्हणून कप अर्धाच भरला होता.

पुढे काही आठवड्यांनी धांदलने खाणं सोडलं. मान लटपटायला लागली, हात लावला की चावायला धावू लागला. मुलीने त्याला डॉक्टरांकडे नेलं. खोकं धरायला बाप बरोबर गेला.

“पाणी कशातून पितो?” डॉक्टरांनी विचारलं. मुलीने फोनमधला फोटो दाखवला.

“हे तर शिसं! काठ कुरतडलाय त्याने. विष आहे हे.” डॉक्टर सांगत गेले, “भूक मरते, पोटात मुरडा येतो, अंग थरथरतं, उगाच चिडचिड होते…”

बोलता बोलता ते थांबले. टेबलावर खोकं खडखडत होतं. त्यांनी खोक्यावरच्या हातांकडे पाहिलं.

“काका, तुम्ही काम कसलं करता?”

मुलीनेही त्या हातांकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. तिला कळलं हे बापालाही कळलं.

“ते राहू द्या, डॉक्टर,” ती म्हणाली. “आधी याचं बघा.”

बापाने हात खिशात घातले. त्याला वाटलं, रिक्षात तरी ती विचारेल. ती रस्ताभर खोक्यातल्या सशाशीच बोलत राहिली.

धांदल दोन दिवसांनी गेला. मुलीने भांडं उचलून बापाच्या पायाशी आपटलं. “घेऊन जा हे. तुमचा हात लागला की संपलंच सगळं.”

“अगं, असं बोलतात का?” आई मध्ये पडली. मग हळूच नवऱ्याला म्हणाली, “अहो, तुमचे हात दाखवायचे होते ना त्या डॉक्टरांना.”

बापाने तिच्याकडे पाहिलं.

“ते जनावरांचे डॉक्टर गं,” तो बायकोला म्हणाला. “माझे हात कशाला बघतील?”

दुसऱ्या दिवशी भांडं कढईत टाकायच्या आधी त्याने काठावरच्या खुणांवरून अंगठा फिरवला. शिसं लगेच वितळलं. त्याने सवयीने वरची मळी काढली.

संध्याकाळी मुलीने त्याच्यापुढे चहा ठेवला, काठोकाठ भरलेला. ठेवून ती समोरच उभी राहिली. त्याने कपाला हात लावला नाही. चहा थोडा निवू दिला, मग टेबलावर वाकला आणि कपाला तोंड लावून प्यायला.