सामन्याच्या दिवशीची साखर

केलेपी मास्तरांना मधुमेह होऊन तीन वर्षं झाली होती. वावाऊ बेटावरच्या शाळेत ते गणित शिकवायचे आणि हंगामात दर शनिवारी रग्बीच्या सामन्यांना पंच म्हणून उभे राहायचे. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा, ताटात उकडलेल्या कोनफळाच्या दोनच फोडी. वाढायची लोसालिने, त्यांची बायको. तिसरी फोड मिळायची सोयच नव्हती.

तरी सामन्याला निघण्याआधी बोट टोचलं की यंत्रात साखर पंधरा यायची, आपल्याकडच्या मापात दोनशे सत्तर. एरवी आठ.

"किती खाल्लेस?" लोसालिनेने विचारलं.

"काय?"

"तळलेले गोळे. मैदानाच्या फाटकाशी विकतात ते."

"अगं, मी अजून घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही!"

"म्हणजे घरात लपवलेत."

तिने कपाट उपसलं, त्यांचे बूटसुद्धा झटकून पाहिले. काही सापडलं नाही, म्हणून संशय गेला असंही नाही. गोळेवालीला तिने बजावून ठेवलं आणि दोन दिवसांत गावभर झालं. दुसऱ्यांची लबाडी पकडणाऱ्या माणसाला ते फार लागलं.

दवाखान्यातली नर्स सेइनी त्यांचीच विद्यार्थिनी, गणितात दोनदा नापास झालेली. ती म्हणाली, "मास्तर, खाल्लेलं तर लिहिताच. त्या दिवशी काय घडलं तेही लिहा."

त्यांनी तीन आठवडे वहीत लिहिलं. मुलांबरोबर तासभर सरावाला पळाले, त्या संध्याकाळी सात. पावसाने सामना रद्द झाला, त्या शनिवारी आठ. सामना झाला त्या दिवशी आधी पंधरा, नंतर दोन तासांनी तेरा.

"ताण आला की शरीर साठवलेली साखर रक्तात सोडतं," सेइनी म्हणाली. "त्यासाठी खावं लागत नाही."

"मी कुणाला घाबरत नाही."

"बरं. तुम्ही नाही, तुमचं शरीर घाबरतं. गोळ्या आहेत तशाच घ्या, पुढच्या महिन्यात डॉक्टरांना वही दाखवू."

लोसालिनेने हे ऐकून घेतलं आणि त्या दिवशी ती गोळेवालीशी, आपलं चुकलं हे सांगत, बराच वेळ बोलत बसली.

अंतिम सामना त्यांच्याच गावाचा होता, शेजारच्या गावाशी. गावाच्या संघात लोसालिनेचा भाऊ मानासे. शेवटच्या मिनिटाला त्याने समोरच्या एकाच्या मानेला हात घातला, रग्बीत ते चालत नाही. मास्तरांनी शिट्टी वाजवली, समोरच्यांना दंडाची किक मिळाली, तिचे तीन गुण झाले आणि गाव दोन गुणांनी हरलं.

कुणी शिवी दिली नाही. रविवारी चर्चमध्ये त्यांच्या बाकावर शेजारी कुणी बसलं नाही, एवढंच. सोमवारी चौदा, मंगळवारी पंधरा, बुधवारी पुन्हा चौदा. सामना नाही, शिट्टी नाही, तरी आकडा उतरेना. पहिल्यांदाच मास्तरांना भीती वाटली.

गुरुवारी ते आपण होऊन मानासेच्या अळवाच्या मळ्यात गेले. तो तण उपटत होता. वर न बघता म्हणाला, "या दाजी. आता काय, इथेही शिट्टी?"

"मानेला हात घातलास की नाही?"

"घातला."

"मग?"

"मग काही नाही. पण शिट्टी फुंकत आलात ते केवढ्या हौसेने! ते लागलं मला."

"हौसेने? त्या दिवशी घरून निघतानाच माझी साखर सतरा होती."

मानासे थांबला. त्याच्या आईला ह्याच दुखण्याने नेलं होतं, त्याआधी तिचा पाय गेला होता. "सतरा?" तो म्हणाला. "ताईला माहीत आहे?"

"नाही."

"मग मी नाही सांगत. तुम्हीच सांगा, लवकर."

मास्तर बाजूच्या वाफ्यात बसले आणि तण काढू लागले. तासभर दोघं सामन्यावर बोललेच नाहीत. निघताना मानासे फाटकापर्यंत सोडायला आला.

संध्याकाळी त्यांनी लोसालिनेला सतरा सांगितलं. तिने वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा आलं. आठ नव्हे, पण दहा. त्याच दिवशी त्यांनी रग्बी संघटनेला चिठ्ठी लिहिली, आपल्या गावाचा सामना मला देऊ नका. चिटणिसाने कारण विचारलं. मास्तरांनी लिहिलं, "प्रकृती."