लीझेची खालची पायरी

आमच्या दरीतली गाडी बंद झाली, रूळ उपटून नेले, आता त्या वाटेने सायकलवाले जातात. तरी दर गुरुवारी संध्याकाळी स्टेशनाच्या जुन्या मालगुदामात ती खेळण्याएवढी होऊन धावतेच. फळ्यांवर मांडलेल्या रुळांवरून, वीतभर पुलावरून, कमरेएवढ्या डोंगराला वळसा घालून. तिच्याभोवती आम्ही सातआठ जण जमतो. तिकीटघरात आता बेकरी आहे, तिथला खसखशीचा केक खातो आणि खेळण्यातली इंजिनं बनवणाऱ्या कंपन्यांना नावं ठेवतो.

ठेवण्यासारखीच असतात. दर हिवाळ्यात मोठ्या प्रदर्शनात या कंपन्या नवा माल मांडतात. नवा म्हणजे तीच दोनतीन नामांकित इंजिनं, रंग बदलून. “आजीबाईंना नवी लिपस्टिक,” आमच्यातला गेर्नोट म्हणायचा. आमच्या मागण्या काय फार नव्हत्या. गोगलगायीच्या चालीने न अडखळता चालेल असं इंजिन द्या. चाक मोडलं तर नुसतं चाक मिळू द्या, त्यासाठी अख्खं इंजिन घ्यायला लावू नका. आणि एक लीझे द्या. लीझे म्हणजे आमच्याच दरीत राबलेलं बुटकं, हिरवं इंजिन. गाडी बंद झाली तशी ती भंगारात गेली. कंपन्यांचं उत्तर ठरलेलं: एवढ्याशा दरीतलं इंजिन विकत घेणार कोण?

शेवटी ओटोमार लिंडिगने ती स्वतःच घडवली. पितळी पत्रा कापून, डाग देऊन सांधत, श्वास रोखून. आमच्यात त्याच्याइतका काटेकोर माणूस नाही. आमच्या इंजिनांवरचे रिव्हेटसुद्धा तो मोजतो, आणि एखादा कमी भरला तर केक खाली ठेवतो.

यंदा एका छोट्या कंपनीने लीझे काढायचं जाहीर केलं. गुदामात टाळ्या पडल्या. ओटोमारने मात्र नमुन्याच्या चित्रावर भिंग धरलं, बराच वेळ धरलं, आणि टोपी घालून निघून गेला.

पुढच्या गुरुवारी त्याने सर्वांसमोर सांगितलं. खऱ्या लीझेला चढायला एकच पायरी होती, उंचावर. खालची पायरी फक्त त्याच्या लीझेला आहे, त्याने स्वतः लावलेली. ती कंपनीच्या नमुन्यात आली, म्हणजे त्याचं इंजिन कोणीतरी कंपनीला मोजू दिलं. नाव त्याने घेतलं नाही. आमच्या माना मात्र आपोआप गेर्नोटकडे वळल्या. चाकं साफ करायला म्हणून लीझे शरदात त्याच्याच घरी होती. प्रदर्शनात कंपनीच्या माणसांबरोबर बिअर पितानाही तो दिसला होता.

पायरीमागची गोष्ट मला पुढे कळली. ओटोमारची आई रेल्वे फाटकावर कामाला होती, गुडघ्याने अधू. बाजाराच्या दिवशी ड्रायव्हर तिला इंजिनात घ्यायचा, पण तिचा पाय पायरीला पोचत नसे. दोघांनी काखेत धरून तिला वर ओढायचं, आणि तिने पदराआड तोंड लपवावं तसं रुमालात तोंड लपवायचं. आईला न मिळालेली ती पायरी मुलाने पितळेची करून लावली. खोटी आहे हे ठाऊक असून लावली. हे त्याने आयुष्यात एकालाच सांगितलं होतं, गेर्नोट उलिगला.

म्हणून घाव खोल होता.

“तू मोजू दिलंस?” ओटोमारने एवढंच विचारलं.

“तुला वाटतंय ना, मग दिलं असेल,” गेर्नोट म्हणाला आणि पुलावरची धूळ पुसत राहिला.

रुळावर केसाएवढा कचरा असला तर डोळ्यांना दिसत नाही, पण इंजिन तिथे आल्यावर आचका देतं. आमच्या बोलण्याचं तसं झालं. गेर्नोट आला की विषय बदलायचा. त्याने केक पुढे केला तर पोट भरलेलं असायचं. त्याने फोन घेतला की आमचे कान तिकडे. ओटोमारच्या सांगण्यावरून आमच्या अध्यक्ष रोझविथाने गेर्नोटकडून इंजिनांच्या कपाटाची किल्ली मागून घेतली. चाळीस वर्षांच्या मैत्रीत गेर्नोट पहिल्यांदा दार न लोटता, टकटक करून आत आला.

अशातच त्या छोट्या कंपनीची ब्रांटबाई नमुना घेऊन आली. साचा पक्का करण्याआधी जाणकारांना दाखवायची त्यांची पद्धत आहे. आम्ही भिंगं काढली. धुरांडं जाड आहे. शिट्टी डावीकडे हवी. हिरवा रंग पालकाचा झालाय, तो शेवाळाचा हवा. बाई निमूटपणे लिहून घेत होती. गेर्नोट दाराशी, कोटसुद्धा न काढता.

“ही खालची पायरी तुम्ही कुठे पाहिलीत?” ओटोमारने विचारलं. आवाज इतका मऊ, की मला भीती वाटली.

बाई खुलली. मूळ आराखडे अर्धेच मिळाले, ती म्हणाली, पण नशिबाने खऱ्या लीझेचा एक सुरेख फोटो सापडला. “तुमच्याच बेकरीत टांगलाय की.” तिने त्याची प्रत टेबलावर ठेवली. बर्फातलं वळण, काळापांढरा धूर, आणि लीझे.

तो फोटो आम्हा प्रत्येकाला पाठ होता. ओटोमारनेच एका हिवाळ्यात, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, मैद्याचा बर्फ आणि कापसाचा धूर करून आपल्या पितळी लीझेचा काढलेला. बेकरीत त्याखाली म्हातारी माणसं डोळे पुसत, आणि आम्ही गालात हसत असू. कोणाला खरं सांगितलं नाही. हळूहळू आम्हीही विसरलो, तो बर्फ मैद्याचा आहे हे.

ओटोमार फोटोकडे बघत राहिला. मग दाराशी उभ्या गेर्नोटकडे.

“पायरी चुकली आहे का, लिंडिगसाहेब?” बाईने पेन उचललं. “चुकली असेल तर काढतो. आत्ता सोपं आहे.”

हो म्हटलं की पायरी गेली. नाही म्हटलं, तर त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं खोटं माप. त्याने टेबलावर रोझविथापुढे पडलेली कपाटाची किल्ली उचलली, गेर्नोटपाशी गेला आणि ती त्याच्या कोटाच्या खिशात सोडली.

“गेर्नोट,” तो म्हणाला, “तू सांग. तुझ्या शब्दाबाहेर मी नाही.”

गेर्नोट टेबलाशी आला, ओटोमारच्या हातातलं भिंग काढून घेतलं आणि नमुन्यावर वाकला.

“पायरी राहू द्या,” तो बाईला म्हणाला. “फक्त जरा आणखी खाली घ्या. ज्यांच्यासाठी होती, त्यांचा गुडघा फार दुखायचा.”

बाईने लिहून घेतलं. गेर्नोटने कोट काढून खुंटीला अडकवला.